सावडीतला एक हात

भाताच्या रोपांचं आवण उपटायला बसलं की दीपिकाला गुंगी यायची. डोळे उघडे असत, हातही चालू असत. रोपं मुळांसकट ओढायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, मूठ बांधायची आणि मागे टाकायची. पण ती स्वतः तिथे नसे. समोरच्या खाचरात बगळे उतरले होते. ते एक पाय उचलत, थांबत, मान खाली घालून पाण्यात बघत आणि मग दुसरा पाय टाकत. तिला वाटे, या चिखलात कुणीतरी आजारी पडून आहे आणि हे पांढऱ्या कपड्यांतले लोक हलक्या पावलांनी त्याची विचारपूस करत फिरतायत.

"दीपे, तुजी मूठ बग. सुटली," पारूकाकी म्हणाली.

दीपिकाने मागे पाहिलं. तिची बांधलेली मूठ पाण्यावर उलगडून तरंगत होती.

"बेचाळीस टक्क्यांची नर्स व्हणार ही," पारूकाकी बाकीच्या बायांना म्हणाली. "माज्या दंडात सुई मारंल आन बगळं बगत बसंल. सुई तिथंच रायंल, मी घरी!"

बाया हसल्या. दीपिकाही हसली. तिची आई लाडकी मात्र हसली नाही. तिने वाकून ती सुटलेली मूठ गोळा केली आणि पुन्हा बांधली.

बारावीचे बेचाळीस टक्के पाड्यावर सगळ्यांना पाठ होते. दिवाळी झाली की तिच्या बापाचं, बुधाचं, घर वीटभट्टीवर जायचं आणि होळीला परत यायचं. यंदाही गेलं. दीपिका भट्टीवर सगळ्यांचं जेवण रांधायची आणि राखेच्या ढिगाशेजारी पुस्तक उघडून बसायची. पुस्तकाची पानं विटेच्या धुळीने लाल झाली होती. परीक्षेपुरती ती एकटी माघारी आली होती.

"मंगळीचा फोन!" बुधा झोपडीच्या दारातून ओरडला.

फोन कुडाच्या भिंतीला खिळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असे. रेंज तेवढ्याच जागी यायची. खिळ्यावरून काढला की आवाज तुटे, म्हणून सगळे भिंतीला कान लावूनच बोलत. दीपिका धावत गेली आणि चिखलाच्या हातांनी भिंतीला धरून उभी राहिली.

मंगळी तिची फुई, बुधाची बहीण. सरावलीला भाड्याच्या खोलीत राहायची आणि बोईसरच्या एका दवाखान्यात लादी पुसायची.

"दीपे, ऐक. पालघरच्या नर्सिंगच्या शाळेत जागा उरल्यात. पयल्या यादीत तुजं नाव नव्हतं ना? आता उरलेल्या भरायच्यात. आपल्या लोकांची एक जागा अजून रिकामी हाय. माज्या सिस्टरनं सांगितलं."

"मला देतील?"

"देतील का नाय ते मी कशी सांगू? पन सोता तिथं उभं रायला पायजे. घरी बसून नाय भेटत. गुरवारी सकाळी."

"गुरवारी?"

"मंग काय रयवारी? सरकारी काम हाय, जत्रा हाय काय?" आणि भिंत गप्प झाली.

गुरुवारी बुधाच्या शेतावर सावड होती.

पाड्यावरच्या पाच घरांनी मिळून आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची, ही चाल जुनीच. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. बुधाच्या घरून दोन हात जात, लाडकी आणि दीपिका, म्हणून बुधाच्या शेतावरही प्रत्येक घरातून दोघी दोघी येत. पैसे कुणी देत नसे, कुणी मागत नसे. हात दिला की हात मिळायचा. आवण उपटून ठेवलं होतं. पाण्यात दोन दिवसांहून जास्त ठेवलं तर पिवळं पडलं असतं.

संध्याकाळी बुधा पारूकाकीच्या घरी गेला. सावडीचा दिवस तीच ठरवायची. दीपिका मागोमाग गेली आणि दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली.

बुधा ओटीवर बसला. पारूकाकीने कोरा चहा दिला. बुधाने विचारलं, खालच्या ओहोळाला खेकडे लागले का? लागले, पण बारीक. मग पारूकाकीची शेळी लंगडते त्याची गोष्ट निघाली. मग पाऊस. पाऊस बरा आहे, पण रात्री पडतो तसा दिवसा पडत नाही. चहा संपला. बुधाने कपबशी उपडी ठेवली आणि अंगणातल्या डबक्यात पडणारे थेंब बघत बसला. दीपिकाला वाटलं, आता बाबा उठेल आणि काही न बोलता घरी निघेल.

"बोल आता," शेवटी पारूकाकी म्हणाली. "कशाला आलास?"

मग बुधाने सांगितलं.

पारूकाकीने उपडी कपबशी उचलून बाजूला ठेवली. "ती गेली तर तिची जागा कोन धरंल?"

"बगू."

"बगू नाय. तुज्या शेतात आमी येऊ. बोललेलं मोडायचं नाय. पन दुसऱ्या दिवसापासनं आमच्या शेतात तुजं दोन हात पायजेत. एक लाडकी. दुसरा?"

"देतो."

"कुटून देतोस? झाडाला लागलेत?"

"देतो म्हनलं ना, काकी."

वाटेने परतताना दीपिका म्हणाली, "बाबा, एवढा येळ कशाला लावला? गेल्या गेल्या सांगायचं."

बुधा पुढे चालत होता. डोक्यावरचं प्लास्टिक सावरत तो म्हणाला, "कुनाच्या दारात गेलं की आदी बसायचं. दाराशीच मागाया लागलं की त्या मानसाची धांदल होते. हो म्हनावं का नाय, त्याला सुचत नाय. त्याला वाटंल तवा तो इचारतो. इचारल्यावर बोलायचं."

दीपिकाला ते पटलं. तिनेही पाड्यावर कुणाला कधी दाराशी उभं राहून काही मागताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी उजाडता उजाडता दोघं निघाली. लाडकीने तिच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली. फुईने दिलेल्या सँडल पायांत होत्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, पट्टा त्यावरच घासत होता. सावडीच्या बाया येताना दिसल्या तशी दीपिका मान खाली घालून पुढे गेली.

जीपगाडीत माणसावर माणूस बसला होता. बोईसर जवळ आलं तसे रात्रपाळीचे कामगार रस्त्याने दिसू लागले. एकजण चढला, "भैया, थोडा सरको," म्हणाला आणि बुधाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेला. बुधा हलला नाही. लांब कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारी वाफ थेट ढगांत शिरत होती. कुठे वाफ संपते आणि कुठे ढग लागतो ते कळत नव्हतं.

"तिथं मी पोती उचलली," बुधा हळूच म्हणाला, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून. "पांढरी पावडर असायची. अंगाला लागली की दोन दिस खाजवायचं."

"कसली पावडर?"

"औषदाची म्हनत."

दीपिका वाफेकडे बघत राहिली. बाबाने उचललेली पोती त्या वाफेतून वर जातायत, ढगांत फुटतायत आणि सगळ्या पाड्यांवर औषध पडतंय, असं तिला दिसत राहिलं. बोईसरला उतरून पालघरची एसटी धरायची वेळ आली तेव्हा बुधाने तिला दंडाला धरून उठवलं.

शाळा गावाबाहेर होती. फाटक उघडायच्या आत दोघं पोचली होती. रखवालदाराने त्यांना दिवाणखान्यासारख्या एका मोठ्या खोलीत नेलं. फिनेलचा वास येत होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि समोर काचेची खिडकी. बुधाने चपला बाहेर काढल्या, दीपिकानेही काढल्या. खुर्चीवर न बसता बुधा भिंतीलगत टेकला. दीपिका त्याच्याजवळच्या खुर्चीत बसली.

थोड्या वेळाने खिडकीमागे एक माणूस येऊन बसला. त्याला सगळे प्रफुल्लसर म्हणत होते. त्याने या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा."

"बसा म्हनला," बुधा समाधानाने म्हणाला.

मग मुली येऊ लागल्या. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर भाऊ. त्या खिडकीशी जात, काहीतरी बोलत आणि खुर्चीवर येऊन बसत. दीपिकाच्या शेजारी एक मुलगी बसली. अंगात निळा ड्रेस, हातात टिकलीएवढ्या फुलांची छत्री. नाव किंजल. तिचे वडील कृष्णकांत किनाऱ्याकडच्या गावातले, चिकूची वाडी असलेले. त्यांनी पिशवीतून दोन चिकू काढून दीपिकाच्या हातावर ठेवले.

"खा गं. सकाळपासून बसलेली दिसतेस."

"तुला किती?" किंजलने विचारलं.

"बेचाळीस."

"मला अठ्ठेचाळीस. पप्पा आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी." ती हसली. "तुझे?"

"आमच्याकडं सगळे बोलतात," दीपिका म्हणाली. "तेच बोलतात."

किंजल इतकी हसली की खिडकीमागून प्रफुल्लसरांनी वर पाहिलं.

मागच्या बाजूला एक गच्ची दिसत होती. पत्र्याच्या आडोशाला पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. वारा आला की त्या फुगत आणि परत खाली बसत, झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या. दीपिका बघत राहिली. खाटांच्या दोन रांगांमधून ती चालत होती. वाट बांधासारखी अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी. प्रत्येक खाटेवर कुणीतरी निजलेलं, आणि प्रत्येकाला तिने विचारायचं होतं, काय दुखतंय? पण पाण्यातून चालताना आवाज करायचा नव्हता, नाहीतर सगळे एकदम उडून गेले असते.

"तुझं नाव कधी घेतील?" किंजल विचारत होती. "तू खिडकीवर सांगितलंस ना?"

"काय?"

"हजर आहे म्हणून. सांगावं लागतं. म्हणजे ते खूण करतात."

दीपिकाने बुधाकडे पाहिलं. बुधा रखवालदाराशी पावसाबद्दल बोलत होता.

तेवढ्यात काचेची खिडकी सरकली. प्रफुल्लसर बाहेर येऊन उभे राहिले. त्यांनी चार नावं वाचली. त्या मुली उठून वर्गाकडे गेल्या. "आदिवासी मुलींची एक जागा होती," ते पुढे म्हणाले, "त्यासाठी कोणी हजर नाही. ती जागा पुढच्या नावाला जाते. किंजल कृष्णकांत."

कृष्णकांतांनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं. किंजल उठली, परत बसली, परत उठली.

दीपिकाला वाटलं, आपण अजून त्या बांधावरच आहोत आणि पाय उचलत नाही. ती बुधाजवळ गेली. "बाबा, ती जागा आपली होती."

बुधाचा चेहरा काळवंडला. "त्यांनी इचारलंच नाय," तो म्हणाला. "बसा म्हनले. मी वाट बगत होतो."

"सांग ना त्यांना."

"आता त्यांचं ठरलं, पोरी. ठरलेल्यात मदी बोलू नये." त्याने तिचा हात धरला. "बस. बोलवतील कवातरी."

तिची बोटं तो सोडत नव्हता. आपल्या बापाचा हात दीपिकाने नांगराच्या रुमण्यावर पाहिला होता, पोत्यांखाली पाहिला होता. असा नव्हता पाहिला. तिने तो हळूच सोडवला, लहान मुलाच्या मुठीतून पदर सोडवावा तसा, आणि प्रफुल्लसरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी हाय," ती म्हणाली.

"काय?"

"हजर. मी आदिवासी हाय. ती जागा माजी हाय."

प्रफुल्लसर तिच्याकडे, मग तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. "सकाळपासून इथे बसलीस ना? मग बोलली का नाहीस? कोण कशाला आलंय, मला काय स्वप्न पडतं?"

"आत्ता उगवली!" कृष्णकांत म्हणाले. "नाव वाचून झालंय, साहेब."

"नाव वाचून झालंय," प्रफुल्लसरही म्हणाले. पण ते प्राचार्यांच्या दाराच्या वाटेतून बाजूला झाले. दीपिकाने दार ढकललं.

आत टेबलामागे प्राचार्य मॅडम बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला, पुढ्यात अर्धा प्यालेला चहा. त्यांनी वर पाहिलं. त्या काही विचारतील म्हणून दीपिका क्षणभर थांबली. मग थांबली नाही.

"मी दीपिका. मी सगळ्यांच्या आदी आले. नाव सांगायचं ते आमाला म्हाईत नव्हतं. मला नर्स व्हायचं हाय."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. बाहेरून प्रफुल्लसरांनी आत येऊन काय झालं ते सांगितलं. मॅडम ऐकत होत्या आणि दीपिकाकडे बघत होत्या.

"किती टक्के?"

"बेचाळीस."

"का गं एवढे कमी?"

"आमी भट्टीवर असतो, होळीपर्यंत. आन मी हळू वाचते. समजल्याबिगर फुडं जाता येत नाय मला. पेपर सुटायची घंटा झाली तवा अर्धाच झालता."

मॅडमनी एक इंग्रजी पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं. "वाच."

दीपिकाने बोट शब्दाखाली ठेवलं. ती वाचू लागली. एक शब्द, थांबायचं, दुसरा शब्द. एका मोठ्या शब्दाशी ती अडली. ती परत मागे गेली, पहिल्यापासून आली, पुन्हा अडली. प्रफुल्लसरांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी तो शब्द सांगितला नाही. चहावर साय धरेपर्यंत त्या वाट बघत राहिल्या. दीपिकाने शब्दाचे तीन तुकडे केले, एकेक म्हणून पाहिला आणि जोडला. वाक्य संपलं तेव्हा तिच्या ओठावर घाम आला होता.

"काय लिहिलंय?"

"पेशंटला हात लावायच्या आदी हात धुवायचे."

"इथे सगळं असंच आहे, जाडजूड पुस्तकं. तुला जड जाणार. पहिल्या परीक्षेला बहुतेक नापास होशील."

"मंग परत बसंन."

"परत नापास झालीस तर?"

"तवा तुमी सांगा काय करायचं ते," दीपिका म्हणाली.

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मग गंभीर झाल्या. "प्रफुल्ल, प्रवेशाची फेरी दुपारी बंद होते ना? मग अजून वेळ आहे. मुलगी हजर आहे. जागा तिची आहे." आणि दीपिकाला म्हणाल्या, "वर्ग सुरू झालाय. उद्यापासून नको, आजच बस. मागून येणारी मागेच राहते."

बाहेर किंजल भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे लाल होते. कृष्णकांत फोनवर कुणाला तरी वसईच्या शाळेचं विचारत होते.

"मीच तुला सांगितलं," किंजल म्हणाली.

"हो."

"सांगितलं नसतं तर..."

"हो," दीपिका पुन्हा म्हणाली. हातातले चिकू तिने अजून धरून ठेवले होते. ते परत द्यावेत की नाही, तेही तिला कळेना. किंजलने तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि छत्री उघडून बाहेर निघून गेली.

बुधाला तिने सगळं सांगितलं. मॅडमच्या फोनवरून फुईशी बोलणं झालं, ती कामावरून सुटल्यावर न्यायला येईल, आज तिच्याकडेच राहायचं, बाकीचं उद्या. बुधा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

"बोललीस तू," शेवटी तो म्हणाला. ते कौतुक होतं की नवल, ते त्यालाही माहीत नसावं.

वर्गाचं दार लांब व्हरांड्याच्या टोकाला होतं. दीपिका चालू लागली. फरशी ओली होती, पावलांचे ठसे उमटत होते. मागे वळून पाहिलं तर पाय तिथेच रुततील, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती सरळ चालत राहिली. दारातून आत गेल्यावर मात्र शेवटच्या बाकावर बसून तिने खिडकीतून पाहिलं. फाटकाशी प्लास्टिक पांघरलेला एक माणूस उभा होता. पावसात तो फिकट होत गेला, झाड वाटू लागला आणि मग तिथे कुणीच नव्हतं.

बुधा शेतावर पोचला तेव्हा दिवस कलला होता. अर्ध्याहून जास्त आवणी झाली होती. बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत होत्या. लाडकीच्या शेजारी एका माणसाएवढी जागा मोकळी होती. दोन्हीकडे हात टाकून लाडकी ती भरत होती आणि मागे पडत होती.

बुधाने पिशवी बांधावर ठेवली. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, एक मूठ उचलली आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन वाकला.

ओळ थांबली.

"अगं बया, बुधा!" पारूकाकी म्हणाली. "नांगर तिकडं हाय."

"नांगर झाला माजा."

"लुगडं आनू का तुला?"

"आना. पन हिरवं नको. मला शोभत नाय."

बाया इतक्या हसल्या की एकजण चिखलातच बसली. बुधाचे कान लाल झाले होते. तो रोपं रोवत होता. काही आडवी पडत, काही तरंगत.

"खोल दाबू नको," लाडकी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोन बोटं फकत."

"उद्या माज्या शेतात बी हाच हात काय?" पारूकाकीने विचारलं.

"हाच."

"आन सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"मंग यंदा पाड्याचं भात वाकडं उगवंल," पारूकाकी म्हणाली. पण ती आपल्या जागेवरून दोन पावलं सरकली आणि बुधाची तरंगणारी रोपं उचलून परत रोवू लागली.

ओळ मागे सरकत राहिली. पाण्यात आभाळ होतं, आभाळात रोपं.

"घेतली?" लाडकीने विचारलं. आवाज इतका खाली की बुधालाच ऐकू यावा.

"घेतली. आजपासनंच बसवली."

"रडली का?"

"नाय."

"जाताना मागं बगलं?"

बुधाने जरा थांबून आठवलं. "नाय. सरळ गेली."

लाडकी काही वेळ तशीच वाकून राहिली. हातातली मूठ संपली होती, तरी बोटं पाण्यात होती.

"बरं," ती म्हणाली. मग तिने पाठ सरळ केली. "बांधावरच्या मुठी आन. हिकडच्या संपल्या."